येते म्हणून गेलेल्या दोघी

इथले अनुभव गेली दोन-तीन वर्षं वाचतेय, पण लिहायला कधी बसले नाही. एक तर माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही... नव्हता म्हणू, की नाही म्हणू, हे मलाच अजून ठरवता आलेलं नाही. चौकातल्या उताऱ्यातला नारळ उचलून घरी आणून त्याची चटणी केलेली बाई आहे मी. वडील खातही होते आणि ‘चव काही अमानवीय नाही’ म्हणून हसतही होते. अशा घरात वाढले. तेव्हा हे वाचून कुणाला हसू आलं तर मला राग येणार नाही. मीही हसलेच असते.

गोष्ट ऐंशीच्या दशकाच्या मध्यातली, शहाऐंशीची असावी. मुलुंड पश्चिमेला, पाच रस्त्यापासून चालत सात-आठ मिनिटांवर, एका दुमजली इमारतीच्या तळमजल्यावर आमचं महिला मदत केंद्र होतं. नाव देत नाही, ते आता बंदही झालंय. दोन खोल्या आणि पुढे व्हरांडा. व्हरांड्यात एक शिंपीकाका मशीन घेऊन बसायचे. आत शिरायला तेवढा एकच दरवाजा, म्हणजे काकांच्या मशीनला वळसा घातल्याशिवाय कुणी आत येऊच शकत नव्हतं. हे लक्षात ठेवा.

मी तिथे कार्यकर्ती होते. सासरच्या छळाला कंटाळून बायका यायच्या, आम्ही त्यांचं म्हणणं लिहून घ्यायचो, पोलीस चौकीत, कोर्टात सोबत जायचो. त्या वर्षी वरून कळलं की काबूलहून एक बाई सहा महिन्यांसाठी काम शिकायला येणार आहे. तिकडे जाऊन तिला असंच केंद्र काढायचं होतं.

तिचं नाव फहीमा. सव्वीस-सत्तावीस वर्षांची, उंच, केस मानेपर्यंत कापलेले. इंग्रजी बेताचं आणि हिंदी सिनेमे बघून शिकलेलं, त्यामुळे ती कधीकधी नायिकेच्या थाटात काहीतरी बोलून जायची आणि आम्ही पोट धरून हसायचो. आमचं बोलणं असं खिचडीतच चालायचं, इथे मराठीत देतेय. मराठी मात्र तिला ओ की ठो कळत नव्हतं, आणि आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक बायका भांडुप-मुलुंडच्या चाळीतल्या, कोकणातल्या. त्या रडतरडत मालवणीत सांगायच्या आणि ही बिचारी कोपऱ्यात वही उघडून बसायची. शेवटी आम्ही तिला फाइलींना नंबर घालायला बसवलं. काबूलहून एवढ्या लांब ती नंबर घालायला आली नव्हती, हे कळत होतं मला. पण कामाच्या धबडग्यात कोण बघतो.

मागच्या खोलीतच राहायची ती. घरून पत्र यायला दोन-दोन महिने लागायचे. संध्याकाळी छोटा रेडिओ कानाशी धरून काबूल लागतंय का बघत बसायची. खरखरीतून दोन शब्द लागले की चेहरा उजळायचा, की पुन्हा खरखर. एकदा मी घरी निघताना तिने मला थांबवलं. म्हणाली, “ताई, दहा मिनिटं बसा ना. मी माझ्या भाषेत बोलते. तुम्हाला समजायला नको. फक्त ऐका.”

मी घड्याळ बघितलं. घरी स्वयंपाक राहिला होता. म्हटलं, “उद्या नक्की.” तो उद्या काही आला नाही. हे लिहिताना मला आजही कसंतरी होतं.

तिला मी दोनच गोष्टी धड शिकवल्या. पहिली कामाची. बाई बोलत असताना मध्ये तोंड घालायचं नाही, आणि ती ज्या शब्दांत सांगेल, तिच्याच शब्दांत लिहायचं. दुसरी, निरोप घेताना आपल्यात ‘जाते’ म्हणत नाहीत, ‘येते’ म्हणतात. हे तिला फार आवडलं. मग बाथरूमला जातानाही “येते, ताई” सुरू झालं.

मंगळवारी दुपारी आम्ही सगळ्या बाहेर असायचो. मी आणि केंद्राच्या प्रमुख कुसुमताई, दोघी कोर्टाच्या कामाला. केंद्रात फहीमा एकटी. अशाच एका मंगळवारच्या दुसऱ्या दिवशी, बुधवारी सकाळी ती मोठ्या खुशीत माझ्याजवळ आली, मला मिठीच मारली. म्हणाली, “ताई, थँक्यू. तुम्ही बोलला नाहीत, पण मला कळलं. तुम्हीच तिला शोधून आणलंत ना?”

“कुणाला गं?”

“ती बाई. तीन मंगळवार झाले, येते. माझ्या भाषेत बोलते. आमच्या हेरात शहराकडचे लोक बोलतात ना, तसे शब्द ओढून... माझी मावशी तशी बोलायची. चार महिन्यांनी मी माझी भाषा ऐकली, ताई.”

मला वाटलं, लग्न करून इकडे आलेली कुणी असेल. मुंबईत काय, जगातली सगळी माणसं सापडतात. मी म्हटलं, मी कुणाला पाठवलं नाही बाई, पण चांगलं झालं. तेवढ्यात तिने विचारलं, “ताई, ‘जाते’ कधी म्हणतात? तुम्ही म्हणाला होतात, म्हणायचं नसतं. ती सगळं माझ्या भाषेत बोलते, पण निघताना मराठीत ‘येते’ म्हणते. काल मात्र ‘जाते’ म्हणाली.”

“चुकून म्हणाली असेल.”

“नाही. सगळं सांगून झालं, उठली, हसली. आणि म्हणाली, ‘जाते हां, बाय.’”

अशी ‘हां, बाय’ची, बाईला ‘बाय’ म्हणायची लकब हेरातची नव्हे, भांडुपची. तरीही माझ्या डोक्यात काही आलं नाही. मी विचारलं, काय सांगत होती एवढं? फहीमाने वही पुढे केली. उजवीकडून डावीकडे लिहिलेली तेरा पानं. म्हणाली, “तुम्हीच सांगितलं होतंत, तिच्याच शब्दांत लिही. मी एकदाही मध्ये बोलले नाही.”

मग तिने ती पानं मला समजावून सांगितली. बाईचं नाव सुनंदा. नवरा छळायचा. गणपतीला आईकडे गेली तेव्हा तिचा हात भाजलेला होता. आईला तिने सांगितलं, भाकरी करताना पोळला. खरं म्हणजे नवऱ्याने तव्यावर दाबला होता. आईने कसल्यातरी काटेरी पानातला कडू गर हाताला लावला, रात्रभर फुंकर घालत बसली, आणि तरीही तिच्या तोंडून खरं निघालं नाही. आता तोच नवरा तिच्या धाकट्या बहिणीशी, रंजनाशी लग्न करतोय. रविवारी साखरपुडा. आईला कुणीतरी सांगा, की भाकरी नव्हती.

मी फहीमाला विचारलं, दिसायला कशी होती? म्हणाली, बारीक, अबोली रंगाची साडी, उजवी भुवई मधोमध तुटलेली. एक हात सारखा पदराखाली.

तुटलेली भुवई मी विसरले नव्हते.

सुनंदा आमच्याकडे एकदाच आली होती, फहीमा यायच्या वर्षभर आधी. मंगळवारच होता, मी कोर्टाला निघायच्या बेतात होते. तिचं म्हणणं मीच लिहून घेतलं होतं. लिहून कसलं... फॉर्म भरला होता. ती म्हणायला लागली, “ताई, माझी धाकटी बहीण आहे, हा म्हणतो तुला टाकून...” आणि मी म्हटलं, “ते नंतर. आधी सांगा, मारतो का? दारू पितो?” फॉर्ममध्ये बहिणीसाठी रकाना नव्हता. मला कोर्टात पोचायचं होतं, मी घड्याळ बघितलं. म्हटलं, “पुढच्या मंगळवारी सकाळीच या, सविस्तर बोलू.” ती “येते” म्हणून उठली. पुढच्या मंगळवारी आली नाही. स्टोव्हचा भडका उडून गेली, असं पोलिसांच्या कागदावर होतं. मी फाइलवर ‘मयत’ लिहून ती कपाटात ठेवून दिली.

फाइल काढली. त्यात बहिणीचा, गणपतीचा, हाताचा उल्लेख नव्हता. असता तरी फहीमाला मराठी वाचता येत नव्हतं. बाहेर जाऊन शिंपीकाकांना विचारलं, मंगळवारी दुपारी कोण बाई येते? म्हणाले, “कोनपन नाय. त्या परदेशी ताई एकट्याच बसतात. समोरच्या खुर्चीकडं बघून मान हलवतात नि लिहितात. मला वाटलं, अभ्यास करतात.”

हे फहीमाला सांगायलाच हवं होतं. सांगितलं. मला वाटलं होतं घाबरेल, किंचाळेल.  ती अगदी हळू म्हणाली, “म्हणजे... माझ्याशी बोलायला कुणी आलंच नव्हतं?”

आणि रडायला लागली. भीतीने नव्हे. असं एकटं रडणं मी आमच्या केंद्रातही फार बघितलं नव्हतं, आणि तिथे रडण्याशिवाय दुसरं काही चालत नसे. मी तिला जवळ घेतलं. म्हटलं, आली होती गं. तुझ्याचकडे आली होती. माझ्याकडे येऊन तिला काय मिळालं?

भुतावर विश्वास नसला तरी रविवार येणारच होता. फाइलमध्ये सुनंदाच्या मामाचा पत्ता होता, भांडुपला टेंभीपाड्यात, टेकडीवर. गुरुवारी कुसुमताई, मी आणि फहीमा चढून गेलो. आई गावाहून येऊन तिथेच राहिली होती, रंजनाही होती. सतरा-अठराची पोर, दारात तांदूळ निवडत होती. आम्हाला बघून सुपात तांदूळ पाखडणारी आई आधीच तडकली. “तुमी संस्थेवाल्या काय? माजां एक चेडू गेलां, आता दुसऱ्याच्या सुखात कित्याक इल्यात?”

कुसुमताई कायद्याचं काही बोलायला लागल्या. मी त्यांना थांबवलं. म्हटलं, “आई, सुनंदा गणपतीला घरी आली होती, तेव्हा तिचा हात भाजला होता. तुम्ही कोरफड लावलीत. रात्रभर फुंकर घातलीत. तो हात भाकरी करताना पोळला नव्हता, नवऱ्याने तव्यावर धरला होता.”

बाईच्या हातातलं सूप खाली पडलं.  मग म्हणाली, “कोरफड मीयाच लावलंय. घरात आमी दोघीच होतो. ह्यां तुमका कोणी सांगल्यान?”

मी फहीमाकडे बोट दाखवलं. बाईने तिच्याकडे बघितलं. ही परकी, उंच, कापलेल्या केसांची मुलगी, जिला तिचा एक शब्द कळत नव्हता. कुणास ठाऊक काय वाटलं तिला, तिने फहीमाचा हात हातात घेतला आणि त्याच्यावर फुंकर घातली. बस्स.

दुसऱ्या दिवशीच्या एस.टी.ने ती रंजनाला घेऊन गावी गेली. साखरपुडा झाला नाही. पुढे रंजनाने नर्सिंग केलं, तिची पत्रं मला यायची. नवऱ्याचं मात्र काहीही वाकडं झालं नाही. पोलिसांना पुरावा काय देणार, फारसी लिपीतली वही?

मी फार डोकं चालवलं, खोटं कशाला बोलू. कधी वाटतं, एकटेपणाने तिला भास झाला असेल. असेल. पण भासाला कोरफड कशी ठाऊक? आणि साखरपुड्याचा रविवार? कधी वाटतं सुनंदा मालवणीतच बोलली असेल आणि हिला तिची भाषा ऐकू आली असेल, कारण आमच्यापैकी तेवढी एकटीच तिथे गप्प बसून ऐकत होती. पण हेही काही स्पष्टीकरण नव्हे, मनाची समजूत आहे.

फहीमाचे उरलेले दोन महिने मी रोज संध्याकाळी तिच्याजवळ बसले. ती तिच्या भाषेत बोलायची, मी ऐकायचे. एक अक्षर कळलं नाही. मग सहार विमानतळावर तिला पोचवायला गेले. मी म्हटलं होतं, इतक्यात जाऊ नको, तिकडे लढाई चाललीय. ती म्हणाली, “तिथल्या बायकांचं कोण लिहून घेणार?” वही तिने माझ्याकडेच ठेवली. आत जाताना मागे वळून म्हणाली, “येते, ताई.”

पोचल्याचं पत्र आलं. केंद्रासाठी एक खोली मिळाल्याचं दुसरं आलं. मग काही नाही. तिकडे पुढे काय काय झालं ते तुम्ही वाचलंच असेल. मी चौकशी करायची तेवढी केली.

आता मी मुलुंडच्या घरात एकटीच असते. हे गेले, मुलगी लांब आहे. दुपारी, त्यातून मंगळवारी, बेल वाजली की दार उघडण्याआधी मी थोडी थांबते. कारण येते म्हणून गेलेली बाई शब्द राखते, हे मी बघितलंय. फहीमाही येईल. दारात उभी राहून सिनेमातल्या हिंदीत काहीतरी वेडंवाकडं बोलली, तर मी तिला आत ओढून घेईन आणि घड्याळ काढून फेकून देईन.

पण सुनंदासारखी तीही ऐकणारीच्या भाषेत, स्वच्छ, अस्खलित मराठीत बोलायला लागली तर...

तर मला वही उघडून गप्प बसावं लागेल, आणि तिच्याच शब्दांत लिहून घ्यावं लागेल. अजून तरी तशी कुणी आलेली नाही.