तिसरी पिन

रुग्णालयात मावश्या पुष्कळ होत्या, पण नुसतं ‘मावशी’ म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांपुढे एकच यायची. बुटकी, काटक, कमरेला किल्ल्यांचा जुडगा आणि तोंडी एकच वाक्य, "वस्तू जागच्या जागी." मोठे डॉक्टर एकदा टेबलावर चष्मा ठेवून हात धुवायला गेले, तेवढ्यात तो पुसून डबीत गेला. ते पाच मिनिटं चष्मा शोधत होते आणि मावशी त्यांना शांतपणे ऐकवत होती की डबीत ठेवलेली वस्तू हरवत नाही. सव्वीस वर्षं नोकरी आणि हातून एक चूक नाही. हे तीच सांगायची, आणि ते खरं होतं म्हणून ऐकणारे मान डोलवायचे.

गेली सात वर्षं तिच्याकडे कानाची खोली होती. भिंतींना जाड गादी मारलेली, दार बंद केलं की स्वतःचा श्वास ऐकू यावा अशी. तिथे तान्ह्या बाळांचे कान तपासत. बाळाला दूध पाजून झोपवायचं, कपाळावर एक आणि कानांमागे दोन चिकट बटणं लावायची, त्यांच्या तारा लॅपटॉपला जोडलेल्या यंत्रात खोचायच्या, कानात टकटक आवाज सोडायचा. बाळाच्या मेंदूला तो पोचला की लॅपटॉपच्या पडद्यावरच्या रेघेत लाटा उमटायच्या. बाळाला काही सांगावं लागत नाही, रेघच सांगते. ती वाचायचं काम कानाच्या मॅडमचं. वयाने मावशीच्या धाकट्या लेकीएवढी, बोलायला मऊ, कामाला चोख. आणि त्या खोलीत पाऊल टाकण्याआधी मावशी कमरेचा जुडगा मुठीत आवळून धरायची. सात वर्षांत त्या खोलीत तिची एक किल्ली वाजली नव्हती.

आता त्या लॅपटॉपचं सांगायला हवं, कारण सगळं रामायण तिथूनच सुरू झालं. त्याची बॅटरी केव्हाच म्हातारी झालेली. वायर काढली की दहा मिनिटांत तो डोळे मिटायचा, त्यामुळे अ‍ॅडॉप्टर कायम लावलेला. अ‍ॅडॉप्टर म्हणजे पांढरा चौकोनी ठोकळा, आणि त्याच्यापासून निघालेली लांब, जाड वायर खोलीच्या मधून थेट दाराजवळच्या प्लगपर्यंत गेलेली. मावशीला ती वायर पहिल्या दिवसापासून डोळ्यांत खुपत होती. एके दिवशी एक आजी झोपलेलं नातवंड खांद्यावर घेऊन आत आली आणि पाय वायरीत अडकला. मावशीने तिला वरच्यावर झेललं म्हणून बरं. बाळ जागंसुद्धा झालं नाही, पण मावशीचं डोकं फिरलं.

"ही वायर आज इथून हलली नाही तर नाव बदलीन," ती म्हणाली.

नाव बदलायची वेळ आली नाही. लॅपटॉपच्या मूळ खोक्यात तिला एक छोटासा तुकडा सापडला, दोन पिनांचा. ठोकळ्याच्या डोक्यावरून लांब वायर सरकवून काढायची आणि तिथे तो तुकडा बसवायचा, की ठोकळाच सरळ प्लगमध्ये जातो. कंपनीनेच दिलेला, त्याच ठोकळ्याचा, कशात काही बिघडायचं कारण नाही. भांडारातून तिने एक एक्स्टेंशन बोर्ड आणला, त्याची चपटी वायर कपाटामागून कोपऱ्यातल्या प्लगला नेली, टेबलाखाली ठोकळा त्या बोर्डात खोचला आणि खोलीचा मधला भाग लख्ख मोकळा झाला. लांब वायरीची गुंडाळी करून, फीत बांधून, चिठ्ठी चिकटवून तिने ड्रॉवरमध्ये ठेवली. मॅडमनी आल्या आल्या म्हटलं, "मावशी, खोली किती मोठी दिसतेय." मावशी दिवसभर फुलून होती.

त्यानंतर सहा आठवड्यांत अकरा बाळांची तपासणी फसली.

रेघ थरथरायची. लाटा शोधाव्यात तर सगळीकडे नुसतं पिंजारलेलं, थंडीत कुडकुडणाऱ्या माणसाने ओढल्यासारखं. मॅडमनी बटणं बदलली, बाळांची कपाळं पुन्हा पुन्हा पुसली, खोलीतला पंखा बंद केला, दुसऱ्या विभागातून यंत्राच्या तारा मागवून पाहिल्या. रोज सकाळी कुणीतरी आई बाळाला झोपवायला तासभर धडपडायची आणि शेवटी मॅडम खालच्या आवाजात म्हणायच्या, "परत यावं लागेल." वायर बदलली आणि रेघ बिघडली तो दिवस एकच होता, पण ते कुणाच्या ध्यानात येणार? स्वच्छता आणि बिघाड यांची सांगड कोण घालतो?

मग कंपनीचा मशीनवाला आला. त्याने आपला लॅपटॉप काढला, त्याची जाडजूड पिन बोर्डात मावेना म्हणून दाराजवळच्या प्लगला लावली, त्याला खोलीतलं यंत्र जोडलं, स्वतःच्याच कपाळाला बटणं चिकटवली. रेघ कशी शहाण्या मुलासारखी. "यंत्र ठणठणीत आहे," तो म्हणाला आणि अहवालात लिहून गेला की दोष बटणं लावणाऱ्याच्या हातात आहे.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. मोठ्या डॉक्टरांनी तो अहवाल वाचला आणि निर्णय दिला. सोमवारी यंत्र मोठ्या शहरातल्या रुग्णालयात जाईल, इथली खोली बंद, बाळांना तिकडे पाठवायचं. तिकडे म्हणजे एका बाजूचे आठ तास. तान्हं बाळ घेऊन, कामावर खाडे करून किती जण जातील, हे मावशीला बरोबर माहीत होतं. जाणारच नाहीत. मूल दोन वर्षांचं होऊन बोलेना, तेव्हा घरात कुजबुज सुरू होईल, आणि तोवर उशीर झालेला असेल. मॅडम त्या दुपारी खोलीत एकट्या बसून आपल्याच बोटांकडे बघत होत्या. मावशीला ते बघवलं नाही. ती फडकं घेऊन लॅपटॉप पुसत राहिली.

पुसताना तिच्या हाताला मुंग्या आल्या. लॅपटॉपच्या धातूच्या पाठीवरून बोटं हलकेच फिरली की बारीक झिणझिण व्हायची, हे गेला महिनाभर चाललं होतं. तिला वाटलं, साखर वाढली. गुपचूप रक्त तपासून घेतलं, तर साखर उत्तम. मग वय झालं, म्हणून तिने सोडून दिलं होतं.

संध्याकाळी चहा पिताना तिने नवऱ्याला हे सांगितलं. नवरा निवृत्त वायरमन. दुसऱ्याच्या घरी गेला तरी माणसांआधी भिंतीवरची बटणं बघणारा. बायकोचं बोलणं एरवी तो अर्धंच ऐकायचा, पण मुंग्या म्हटल्यावर त्याने कप खाली ठेवला.

"पिना किती आहेत?"

"कशाला?"

"अगं, प्लगला. दोन का तीन?"

"आता दोन. आधी तीन होत्या."

"मग मुंग्या येणारच. साखरेला कशाला बदनाम करतेस?" तो म्हणाला. "भिंतीतली वीज दोनशे तीसची, लॅपटॉपला लागते वीसची. तो ठोकळा तिला खाली उतरवतो. उतरवताना चिमूटभर इकडेतिकडे सांडते आणि त्या धातूवर येऊन बसते. तिसरी पिन असली की सांडलेलं सगळं जमिनीत जातं. तिलाच अर्थिंग म्हणायचं. तीच काढलीस तर ते जाणार कुठे? तिथेच रेंगाळणार. माणूस त्याने मरत नाही, नुसत्या मुंग्या येतात."

"आणि तिथे एखादं नाजूक यंत्र लावलेलं असेल तर? अगदी बारीक रेघ काढणारं?"

"मग रेघ काढेल का ते? सांडलेली वीजच मोजत बसेल."

मशीनवाल्याची ती जाडजूड पिन मावशीच्या डोळ्यांसमोर आली. तीन दांड्यांची. सहा आठवडे, अकरा बाळं, मॅडमची मान खाली, आणि हे सगळं कुणाच्या टापटिपीपायी? काखेत कळसा आणि गावाला वळसा. कळसासुद्धा तिनेच काखेत मारलेला, वर फीत बांधून, चिठ्ठी लावून.

नवऱ्याने तिचा चेहरा वाचला. बेचाळीस वर्षांचा संसार, वाचणारच. "उद्या लवकर जा," तो म्हणाला, "वायर बदल आणि गप्प बस. यंत्र आपोआप सुधारलं म्हणतील. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"आणि मॅडमच्या नावावर तो बाबा जे लिहून गेलाय, ते कोण खोडणार?"

"तुझी सव्वीस वर्षं आहेत, बाई. दीड वर्षात घरी बसशील."

"म्हणूनच," मावशी म्हणाली आणि उठून कप विसळायला गेली.

सकाळी ती थेट मोठ्या डॉक्टरांसमोर उभी राहिली. मॅडमनाही तिने हाताला धरून आणलं होतं, का ते न सांगता. वायरीचं सगळं तिने एका दमात सांगितलं. डॉक्टर चष्म्यावरून बघत राहिले.

"मावशी, कंपनीच्या माणसाला सापडलं नाही ते तुम्हाला सापडलं?"

"त्याला कसं सापडेल, डॉक्टर? त्याने केलंच नव्हतं. मी केलंय."

त्या दिवशी यादीत चार महिन्यांची एक मुलगी होती. तिची आई शिवणकाम करायची आणि ही तिची तिसरी खेप. बाळ झोपलं, बटणं लागली, डॉक्टर स्वतः कोपऱ्यात उभे राहिले. रेघ नेहमीसारखी पिंजारलेली. मावशीने जुडगा एका हाताच्या मुठीत धरून दुसऱ्या हाताने ड्रॉवर उघडला, फीत सोडली, ठोकळ्याचा छोटा तुकडा सरकवून काढला, लांब वायर बसवली आणि तिच्या तीन पिना टेबलाखालच्या बोर्डात खोचल्या.

रेघ तशीच थरथरत राहिली.

डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं. मॅडमनी मावशीकडे पाहिलं, आणि त्या नजरेत राग नव्हता, कीव होती, तीच मावशीला जास्त लागली. हात दाखवून अवलक्षण झालं म्हणायचं. तिचे कान गरम झाले. मग तिने मनातल्या मनात नवऱ्याचं बोलणं पुन्हा पहिल्यापासून ऐकलं. सांडलेलं जमिनीत जातं. जाणार कुठून? बोर्डातून. बोर्डातून कुठे? ती गुडघ्यांवर बसली, कपाटामागे हात घातला आणि बोर्डाची चपटी वायर भिंतीतून ओढून काढली. तिच्या टोकाला दोनच पिना होत्या. बोर्डाला भोकं तीन-तीन, पण तिसरं नुसतं दाखवायला.

तिने लांब वायर बोर्डातून काढली आणि पूर्वी जायची तशी खोलीच्या मधून दारापर्यंत नेली. एवढी लांब ती उगाच नव्हती दिलेली. भिंतीतल्या प्लगमध्ये तिन्ही पिना गेल्या.

रेघ एकदम शांत झाली.

मॅडमच्या तोंडून फक्त "अगंबाई" निघालं. त्यांनी टकटक सुरू केली. एका कानाच्या लाटा उशिरा आणि लहान उठल्या, दुसऱ्याच्या त्याहून लहान. मॅडमनी तीनदा तपासलं, तीनदा तेच. मग त्या आईजवळ जाऊन बसल्या. "हिला कमी ऐकू येतं," त्या म्हणाल्या, "पण वेळेवर कळलंय. आता आपल्याला पुष्कळ काही करता येईल." आईने डोळे पुसले आणि तीन फेऱ्यांत पहिल्यांदा कुणीतरी नक्की काहीतरी सांगितलं म्हणून मॅडमचे हात धरले.

अहवाल नव्याने लिहायचा होता. मॅडम ‘वायर बदलल्यामुळे’ इथवर लिहून थांबल्या.

"कुणी बदलली ते लिहा," मावशी म्हणाली.

"मावशी, राहू दे ना."

"लिहा. तुमच्यावर ठपका लिहिताना तो मशीनवाला थांबला नव्हता."

मॅडमनी लिहिलं. वायर मावशींनी बदलली, दोष मावशींनी शोधला, मावशींनीच दूर केला. मोठ्या डॉक्टरांनी सही करताना ते मोठ्याने वाचलं आणि म्हणाले, "माझ्या तीस वर्षांत असा अहवाल मी पाहिला नाही. इथले मोठे मोठे लोकसुद्धा पहिलं वाक्य गाळतात." मशीनवाल्याचा कागद त्यांनी रद्द केला. सोमवारी यंत्र कुठेही गेलं नाही.

पुढच्या आठवड्यात नवरा हातोडी आणि खिळ्यांची डबी घेऊन आला. लांब वायर त्याने भिंतीच्या कडेने, दाराच्या चौकटीवरून अशी काही ठोकून दिली की ना कुणाचा पाय अडकेल ना कुणाचा डोळा. जाता जाता त्याने सगळ्या मजल्यांवरचे बोर्ड तपासले आणि दोन पिनांचे नऊ काढून मोठ्या डॉक्टरांच्या टेबलावर नेऊन ठेवले. "ही माझी बायको," असं तो वाटेत भेटेल त्याला सांगत होता, जणू सव्वीस वर्षं तिला तिथे कुणी ओळखतच नव्हतं.

अकराही बाळं परत आली. नऊ जणांचे कान उत्तम निघाले. शिंपीणबाईच्या मुलीला आणि आणखी एकाला श्रवणयंत्रं लागली.

सात-आठ महिन्यांनी शिंपीणबाई मुलीला घेऊन पुन्हा आली. मुलगी आता बसायची, दोन्ही कानांमागे बोराएवढी यंत्रं, तोंडात मूठ. मागून आवाज करून बघायला मॅडमनी खुळखुळा शोधला, तो कुणीतरी भलतीकडे ठेवलेला. मावशी दारात उभी होती, मुलीच्या पाठीमागे, सवयीने जुडगा मुठीत आवळून.

"मावशी," मॅडम हसून म्हणाल्या, "आज वाजू द्या."

मावशीने मूठ उघडली. किल्ल्या खळकन वाजल्या, आणि मुलीने मान वळवून तिच्याकडे पाहिलं.