एकोणचाळीस मिनिटं

काश्मीरची लढाई सुरू होती आणि माझं पोस्टिंग दिल्लीच्या मिलिटरी हॉस्पिटलात होतं. मी लेफ्टनंट, नर्सिंग सर्व्हिस. त्या दिवशी जखमींना घेऊन डकोटा विमानानं मुंबईला जायचं होतं. पालम ते सांताक्रूझ, सुमारे सातशे मैल. टेक-ऑफ ०८४० ला झाला.

कॅप्टन म्हणाले, "सिस्टर, पाच तास पाच मिनिटं. १३४५ ला पोहोचू."

मी घड्याळ पाहून मनात बेरीज केली. नुकतीच ठाण्याला घरी जाऊन आले होते. आमच्या घरी मुंबईचा टाइम चाले, स्टँडर्ड टाइमच्या एकोणचाळीस मिनिटं मागे. बाबांनी माझं घड्याळ भिंतीवरच्या घड्याळाशी जुळवून दिलं होतं. ते मी तसंच ठेवलं. घरी आता कोण काय करत असेल, ते कळायचं. ड्यूटीवर एकोणचाळीस मिळवून लिहायचं, एवढंच.

को-पायलट हसला. "तुमचं घड्याळ अजून रजेवरच आहे वाटतं!"

मी जखमींकडे वळले. मी फारसं बोलत नसेच.

अठरा स्ट्रेचर होती. खालच्या रांगेत नाईक हरी भोईर, कल्याणजवळच्या मोहन्याचा. पोटात गोळी. शुद्धीवर होता.

"मॅडम, उल्हास आली की उठवा. नदी वलांडली की मी घरी."

"उठवीन."

"नक्की? तुम्ही ठाणेवाल्या, इसरता."

"नाही विसरणार. झोप आता."

नंतर वरच्या स्ट्रेचरवरच्या शिपायाला उलटी झाली. त्याचं आवरून मी हरीकडे वळले. नाडी लागेना. दुसऱ्या हाताची पाहिली. छातीला कान लावला, पण इंजिनांपुढे काहीच ऐकू येईना. डोळ्यांवर टॉर्च धरला.

बाकीचे जागे होते, म्हणून ब्लँकेट मी त्याच्या हनुवटीपर्यंतच ओढलं. रजिस्टरमध्ये लिहिलं, १३००. कॅप्टनना उतरल्यावर सांगितलं. विमान १३४५ ला टेकलं होतं.

संध्याकाळी रिपोर्ट लिहिताना हात थांबला. १३०० लिहिताना एकोणचाळीस मिळवले होते का? मिळवले असतील, तर हरी गेला तेव्हा विमान शंभरावर मैल मागे, डांगच्या जंगलावर होतं. नसतील, तर १३३९. म्हणजे घोडबंदरजवळ उल्हासची खाडी नुकतीच ओलांडलेली. तेव्हा कानांना दडे बसले होते, ते विमान उतरताना बसतात. पण मला तर सकाळपासून सर्दी होती. खिडकीबाहेर मी पाहिलंच नव्हतं.

पुढच्या रजेत कल्याणहून मोहन्याला गेले. हरीच्या आईनं पाणी दिलं आणि एकच विचारलं.

"बाय, माझा पोऱ्या नदी वलांडून आलेला का गो?"

हो म्हणणं सोपं होतं. मी दोन्ही वेळा सांगितल्या, मैल सांगितले, बेरीज सांगितली. मी एरवी इतकं बोलत नाही. ती माझ्या मनगटाकडे बघत होती.

"म्हंजे तू लिवलास तो मुंबईचा टाइम असंल, तर तो आला?"

"हो. पण मला आठवत नाही, मावशी."

"आमचे घरान मुंबईचाच टाइम हाय," ती म्हणाली, आणि माझा रिकामा पेला घेऊन आत गेली.

पुढे मुंबईचा टाइम बंद झाला, बाबांनीही भिंतीवरचं घड्याळ पुढे केलं. मी माझं केलं नाही. त्यात एक वाजला की मी जिथे असेन तिथे उभी राहते. नाईक हरी भोईर, नदी आली.