खाटेला सांग

वन्सं,

तुमच्या निवृत्तीनिमित्त कॉलेज अंक काढतंय. घरच्या माणसाचा लेख हवा म्हणून संपादिकाबाईंनी मला गळ घातली. म्हणाल्या, "कौतुकाचे चार शब्द लिहा." ते शब्द बाकीचे लिहितील. तुमच्या भावाशी लग्न करून मी आले तेव्हापासून आपलं पटलं नाही आणि या वयात उगाच साखरपेरणी करायचा मला कंटाळा आहे. पत्र तुम्हाला असलं तरी वाचणार सगळे, तेव्हा यापुढे तुम्हाला आत्याच म्हणते. गोष्ट माझ्या धाकटीची आहे आणि तिच्या गोष्टीत तुम्ही आत्या आहात, मी आई.

धाकटी आत्याच्याच कॉलेजात डॉक्टर झाली. दवाखाना न थाटता कॉलेजातच राहून शिकवायचं, संशोधन करायचं असं ज्यांच्या मनात असे, त्यांचा वर्ग आत्या दर गुरुवारी घेई. वर्गात एक रिकामी लोखंडी खाट होती. आपला अभ्यास मांडायचा तो पडद्याकडे बघून नाही, आत्याकडे बघूनही नाही. खाटेच्या पायथ्याशी उभं राहायचं आणि तिच्यावर पेशंट आहे असं समजून त्याला सांगायचा. पोरं मागून आत्याला 'खाटवाली' म्हणत.

"टक्केवारी खाटेला सांग," आत्या म्हणे. "ती विचारतेय, मी बरी होणार का? बोल."

एक मुलगा रडायला लागला, तर म्हणाली, "रुमाल आहे ना? मग चालू ठेव." भाचीला तर ती जास्तच सोलून काढी. धाकटी घरी येऊन बॅग आपटायची.

"आई, ती मला भाची असल्याची शिक्षा देते."

"मग सोड तो वर्ग."

सोडला नाही. शिकवायचं वेडच होतं तिला. नव्या पोरांना सलाइन लावायला शिकवतानासुद्धा तिचा चेहरा फुलायचा.

मधुमेहाच्या पेशंटच्या पायांना जखमा होतात, त्यांवर तिने अभ्यास केला. नव्या पद्धतीने पट्टी बांधली तर जखम लवकर भरते का, एवढाच प्रश्न. दोन वर्षं राबली. निकाल झकास आला. नेमकी तेव्हाच विभागात शिक्षकाची एक जागा निघाली. उमेदवार दोघं, धाकटी आणि एक घुम्या मुलगा. दोघांनी समितीपुढे आपापला अभ्यास मांडायचा, ज्याचा सरस त्याला जागा. समितीत आत्याही होती.

आदल्या रविवारी ती घरी जेवायला आली. जेवण झाल्यावर ताट बाजूला सारून तिने धाकटीचे कागद शेवटपर्यंत वाचले. धाकटी समोरच बसलेली.

"कसं झालंय?"

"टायपिंगच्या चुका नाहीत," म्हणून आत्या हात धुवायला उठली.

आत्याच्या तोंडून एवढं म्हणजे पदकच. पोरगी हवेत होती.

समिती त्याच वर्गात बसली. धाकटी सवयीने खाटेशी उभी राहिली आणि फार सुरेख बोलली. डीन मान डोलवत होते. मग आत्याने तोंड उघडलं.

"सहा पेशंट मोजणीत नाहीत. का?"

"ते तपासणीला परत आले नाहीत, मॅडम."

"बरे झाले म्हणून आले नाहीत, की पाय गेला म्हणून?"

"माहीत नाही."

"फोन?"

"एकदा केला. लागला नाही."

"'परत न आलेले' असं लिहिलंस. असा आजार मी ऐकलेला नाही. कुठे गेले ते खाटेला सांग."

धाकटी खाटेकडे बघत राहिली. डीनची मान थांबली. घुम्याच्या अभ्यासात नवं काही नव्हतं, पण त्याच्या एकूणएक पेशंटचा ठावठिकाणा होता. जागा त्याला गेली.

आई त्याच संध्याकाळी आत्याच्या केबिनमध्ये जाऊन धडकली.

"माझ्या जेवणाच्या टेबलाशी बसून वाचलंत, तेव्हा दिसलं होतं?"

"दिसलं होतं."

"मग दातखीळ बसली होती का?"

"त्या मुलाचे कागद मी आधी वाचले नव्हते, वहिनी. हिला सांगून ठेवलं असतं तर जागा अभ्यासाला नाही, भाचीला मिळाली असती."

"मग हिचे वाचलेत कशाला? आणि समितीत बसलात कशाला? न्यायाची एवढी चाड, तर उठून बाहेर जायचं."

"दुसऱ्या कुणी विचारलं नसतं."

"तेच म्हणतेय मी."

आत्याने पेनाला टोपण लावलं.

धाकटी पत्ते शोधून सहाही घरी गेली. दोघं ठणठणीत होते. तिघांचे पाय दुसऱ्या हॉस्पिटलांत कापावे लागले होते. एक बाई गेल्या होत्या. म्हणजे पट्टीत काही राम नव्हता. तिने तसंच लिहिलं आणि छापलं. आत्या हल्ली नव्या पोरांना तोच अभ्यास शिकवते, भाचीचं नाव घेऊन, मोठ्या अभिमानाने. भाची मात्र खासगी हॉस्पिटलात दिवसभर पेशंट तपासते. पगार भरपूर, शिकवायला समोर कुणी नाही. आत्याचा फोन ती उचलत नाही.

आत्याचं बरोबर होतं, हे आईला कळतं. पण बरोबर असणं एवढा एकच गुण ज्याच्या अंगी आहे, त्या माणसाला तिने तेव्हापासून जेवायला बोलावलेलं नाही.

वन्सं, एक काम राहिलं. तुमचे भाऊ गेले तेव्हा त्यांची चाकांची खुर्ची तुमच्या वॉर्डला द्यायचं ठरलं होतं. मी पुसून ठेवायची, तुम्ही गाडी पाठवायची. तुम्ही पाठवली नाहीत. मी पुसली नाही.