सुचेताचे शब्द आणि माझा टॉमहॉक

आमच्या शब्दभिशीचे किस्से फ्रीजरमधल्या डब्यांसारखे साठत जातात. वर लेबल नसतं, कुठला कधीचा ते आठवत नाही, आणि एक काढायला जावं तर चार बाहेर पडतात!

लीड्समध्ये आम्ही पाच मराठी बायका महिन्यातल्या एका शनिवारी दुपारी सुलूवहिनींकडे जमतो. या भिशीत पैसे नाहीत, फक्त चिठ्ठ्या. जिचं नाव निघेल तिने पुढच्या वेळी एक इंग्रजी शब्द आणायचा, तो कुठून आला ते सांगायचं, आणि खाऊही तिनेच करायचा.

आता खरं सांगते. आमच्यातली सुचेता युनिव्हर्सिटीत शिकवते. मी बारावी झालेली, सुपरमार्केटच्या मीट काउंटरवर काम करते. माझी सतरा वर्षांची इरा भिशीला येते ती सुचेतामौशीला ऐकायला. तिच्याकडे ती जशी डोळे मोठे करून बघते, तसं एकदा तरी माझ्याकडे बघावं, एवढंच मला हवं होतं.

*

पहिली चिठ्ठी सुलूवहिनींची निघाली. त्यांचा शब्द होता केचप. "हा चीनमधून आलाय म्हणतात," त्या म्हणाल्या. "आणि मुळात त्यात टोमॅटो नव्हताच. माशाचं खारट पाणी होतं!"

नेमके तेव्हाच त्यांचे मिस्टर चहा न्यायला आत आले होते. माणूस पक्का शाकाहारी. हातातल्या केचप लावलेल्या सामोशाकडे त्यांनी बराच वेळ पाहिलं.

"अहो, आता टोमॅटोचाच असतो तो!" वहिनी ओरडल्या.

उपयोग झाला नाही. त्या घरात आता फक्त चिंचेची चटणी असते.

*

मग सुचेता. तिचा शब्द शाम्पू. तो आपल्या चंपीवरून इंग्रजीत गेला, हे ती नुसतं सांगून थांबली नाही. तिने इराला समोर बसवलं आणि तिच्या डोक्याला मालिश करत करत सगळा इतिहास सांगितला. इरा डोळे मिटून हसत होती.

या मुलीने वयाच्या नवव्या वर्षापासून मला केसांना तेलाचं बोट लावू दिलेलं नाही!

घरी येताना मी बसमध्ये म्हटलं, "उद्या मी करू का मालिश?"

"आई, प्लीज. तुझा हात खूप जोरात असतो."

*

माझा पहिला नंबर लागला तेव्हा मी बंगलो हा शब्द घेतला. चार मिनिटांत माझं संपलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

"किती छान सांगितलंस गं," सुचेता म्हणाली. "मी एक छोटीशी गोष्ट अ‍ॅड करू?"

ती छोटीशी गोष्ट पस्तीस मिनिटं चालली. माझा ढोकळा संपला, चहा दोनदा झाला. शेवटी इरा म्हणाली, "वॉव, बंगलोबद्दल मला काहीच माहीत नव्हतं!"

मी तर आत्ताच सांगितलं होतं ना!

*

टॉमहॉक मला काउंटरवर भेटला. लांब हाड ठेवलेला मोठा स्टेक असतो, त्याची पाटी मीच लावते. एक आजोबा नेहमी येतात, इथल्या रीतीप्रमाणे सगळ्यांनाच 'लव्ह' म्हणतात. त्यांनी विचारलं, "लव्ह, याला टॉमहॉक का म्हणतात?"

मी आयुष्यात मांस खाल्लेलं नाही, मी काय सांगणार? पण मनात आलं, हा शब्द सुचेताच्या हाती लागायच्या आत आपण घ्यायचा.

महिनाभर लंच ब्रेकमध्ये लायब्ररी गाठली. वही केली. रात्री उशीखाली ठेवायची. आमचे हे म्हणाले, "अगं, परीक्षा आहे का?"

"त्याहून मोठं आहे," मी म्हटलं.

*

त्या शनिवारी मी वही मिटूनच बोलले.

हा शब्द व्हर्जिनियातल्या मूळ लोकांचा. अर्थ अगदी साधा, तोडायचं अवजार, छोटी कुऱ्हाड. चारशे वर्षांपूर्वी तिथे गेलेल्या इंग्रजांनी तो ऐकला आणि जमेल तसा लिहून घेतला. आधी दगडाचं पातं असायचं, मग गोऱ्या व्यापाऱ्यांनी लोखंडाची आणली. काहींना मागे चिलीमसुद्धा असायची. एका बाजूने तोडा, दुसऱ्या बाजूने ओढा! भांडण मिटलं की तो जमिनीत पुरायचीही रीत होती. पुढे क्षेपणास्त्राला तेच नाव दिलं, आणि कुऱ्हाडीसारखा दिसतो म्हणून स्टेकलाही.

"ती भाषा घरात बोलणारं आता कुणी उरलं नाही," मी म्हटलं. "शब्द मात्र माझ्या काउंटरवर विकायला आहे."

मी इराकडे पाहिलं. इरा वळली सुचेताकडे.

"मौशी, हे सगळं खरं आहे?"

सुचेता शांतपणे म्हणाली, "मला नाही माहीत. तुझ्या आईला विचार."

बाईला हरणंसुद्धा किती छान जमतं! त्याचाही मला राग आला.

*

सुलूवहिनींनी माझा चेहरा पाहिला असावा. "चला, तुम्ही दोघी गार्डनमध्ये," त्या म्हणाल्या. "आज मिटवूनच टाका."

"आमचं काय मिटवायचंय?" मी विचारलं.

"आई," इरा म्हणाली, "एव्हरीवन नोज."

तोडायचं अवजार म्हणून वहिनींनी जुना पिझ्झा कटर दिला. आम्ही दोघींनी तो गुलाबाच्या झाडाशी खड्डा करून पुरला, हात मिळवले, फोटो काढला.

मंगळवारी जेवताना इरा सहज म्हणाली, "युनिव्हर्सिटीच्या अर्जासोबत द्यायचं पर्सनल स्टेटमेंट लिहिलंय. सुचेतामौशीला पाठवलं, चेक करायला."

"मला नाही दाखवलंस?"

"तुला नंतर दाखवते ना."

बुधवारी सकाळी मी खुरपं पिशवीत घातलं आणि शिफ्टच्या आधी वहिनींच्या घरी गेले. बाजूच्या फाटकातून मागे शिरले. गुलाबाशी, ओल्या मातीत, ऑफिसच्या कोटात सुचेता गुडघ्यांवर बसली होती.

"तू इथे?" मी म्हटलं.

तिने वर पाहिलंसुद्धा नाही.

"तुझ्या मुलीचं स्टेटमेंट वाचलं. 'माझी आई मीट काउंटरवर काम करते,' इथून सुरुवात आहे. मग टॉमहॉक, मग तू, मग परत तू. अख्ख्या पानात माझं नाव एकदाही नाही!"

मी तिच्या शेजारी ओल्या मातीत बसले.

"खुरपं आणलंयस का?" सुचेता म्हणाली. "माझा चमचा वाकला."