खोगीरवाल्याची बॅग

माझं लग्न एका चामडी पट्ट्यानं मोडलं, असं आमच्या घरात अजून म्हणतात. (घरात म्हणजे मीच. दुसरं म्हणायला कोणी उरलेलं नाही!)

साठ सालाच्या आसपासची गोष्ट. मी नंदुरबारला कचेरीत कारकून. आई गेली, बहीण लग्न होऊन सुरतेकडे गेली आणि घरात राहिलो मी आणि आबा. आमचं बोलणं म्हणजे सकाळी "चहा?" "हं." संध्याकाळी "दिवा?" "हं." भिंतीवरचं घड्याळ आमच्यापेक्षा गप्पिष्ट होतं! ब्राह्मणपुरीचं स्थळ आलं तेव्हा मात्र आबा एकदम वाक्यांत बोलले.

"पोरना घर कापडनी पिशवी लईसन जाशी का? लोके काय म्हनतीन? चामडानी बॅग पाहिजे!"

मी गेलो धनाभाऊकडे. तो खोगिरं शिवायचा. सारंगखेड्याच्या घोडेबाजारात त्याच्या खोगिरासाठी लांबलांबचे शौकीन यायचे.

"बॅग मन्हा बापनीबी कधी करी नही," तो म्हणाला. "पन करी देसू. बठ."

मी बसलो. मग रोज कचेरीतून परस्पर तिथेच जाऊन बसू लागलो. बाभळीच्या सालीत कमावलेलं कातडं, आरीनं पाडलेली भोकं, मेण चोळलेला दोरा. दोऱ्याच्या दोन्ही टोकांना सुया. एक इकडून, एक तिकडून, एकाच भोकातून. टाका मनासारखा बसला नाही की उसवून पुन्हा! धनाभाऊ घोड्यांविषयी बोलायचा, मी "हं" म्हणायचो. (सवय!) बॅग लवकर होऊ नये, असं मला वाटायला लागलं होतं.

पण झालीच. गुळाच्या ढेपेसारखी तांबूस, कडा घासून घासून गुळगुळीत. निघायच्या दिवशी मात्र धनाभाऊनं भरलेल्या बॅगेभोवती एक रुंद पट्टा आवळला, तोही ओलाच, खोगिराच्या गाठीनं.

"आते घोडा पयना तरी हालनार नही!"

पळायला घोडा नव्हता, एस.टी. होती. बॅग टपावर आणि वर खानदेशचं ऊन. कवळी टोचते म्हणून आबांनी ती आधीच बॅगेत ठेवून दिली होती, पोचल्यावर लावायची!

पोचलो. ओसरी माणसांनी भरलेली. मुलीचे वडील आबांना म्हणाले, "बोला." आबांनी माझ्याकडे पाहिलं, मी बॅगेकडे. पट्टा वाळून असा आवळला होता, की बॅगेला कंबर आली होती!

"फफ्फ!" आबा म्हणाले.

"काय म्हनतस?"

"दात म्हनतस," मी म्हणालो. "बॅगमा शेतस."

एकानं पट्टा ओढला, दुसऱ्यानं बॅग. मुलीच्या काकांनी पाय लावून जोर केला, तर काकाच उताणे पडले. बॅग तशीच!

"विळा लया रे!" काका पडल्यापडल्या गरजले.

"कापू नका!" मी ओरडलो आणि चक्क बॅगेवर आडवा पडलो. माझ्या किती संध्याकाळी होत्या हो त्या टाक्यांत!

तेवढ्यात दाराआडून मुलीचा आवाज आला. "वाळी जायेल शे तो. पानी लावा ना!" कोणी हलेना, तेव्हा तीच तांब्या घेऊन बाहेर आली. पट्टा भिजला, सैलावला, झाकण उघडलं. वरच, माझ्या धोतरावर, आबांची कवळी हसत होती! ती पाहून मुलगी अशी हसली, की सगळी ओसरी हसायला लागली. आबाही हसले, बिनदातांनीच. आई गेल्यापासून मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं.

घरी परतल्यावर आमच्या बोलण्यात एक भर पडली. "निरोप?" "नही."

शेवटी हे स्थळ आणणारे मध्यस्थ मामा आले. "पोरले भलती आवडनी!"

"आवडनी?" आबा दचकले. "आवडना म्हन ना!"

"आवडनीच. बॅग! पोरनं लगन दुसरीकडे ठरनं. त्या नवरदेवकरता आशीच एक पाहिजे. कोनी करी?"

"हं," आबा म्हणाले.

मी चप्पल घातली आणि स्वतःच धनाभाऊकडे निघालो. चला, दुसरी बॅग होईपर्यंत संध्याकाळी बसायची सोय झाली! जन्मात माझ्या हातून एकच स्थळ जुळलं, तेही बॅगेचं.