डाव्या मडगार्डवरची ओटी

ट्रॅक्टर निवडताना मी त्याचं छत पाहिलं. रुंदी पाहिली नाही, वळायला किती जागा लागते ते पाहिलं नाही, छत पाहिलं. का, तर मला ऊन लागत होतं. असा मूर्खपणा केलेली बाई मीच, हे आधीच सांगून टाकते. माझ्या लेकीकडून तिखटमीठ लावून कळण्यापेक्षा ते बरं.

हल्ली लेक मागे लागली आहे. ती चेन्नईत पेरुंगुडीला कंपनीत बसते आणि जेवणाच्या सुट्टीत ट्रॅक्टरचे व्हिडिओ बघते. "आई, तो जुना देऊन टाक गं. झाडीत चालणारे अरुंद, छान छान ट्रॅक्टर आलेत. बदल्यात घेतात सुद्धा." मी दर वेळी काहीतरी सांगून वेळ मारून नेते. कधी म्हणते पितृपक्ष आहे, कधी म्हणते गुडघा दुखतोय. ट्रॅक्टर बदलण्याचा आणि गुडघ्याचा संबंध काय, हे ती विचारत नाही, कारण म्हातारीला फार विचारायचं नसतं हे तिला माहीत आहे. खरं कारण मी तिला सांगितलेलं नाही. इथे लिहिते.

हे संरक्षण खात्याच्या कारखान्यातून निवृत्त झाले, तेव्हा आमचं सगळं जग म्हणजे वेस्ट मांबलममधला दोन खोल्यांचा फ्लॅट. जन्मभर यांनी रणगाड्यांचे पट्टे तपासले. घरात मात्र कपाट सरकवायचं तरी मला विचारून. निवृत्तीनंतर यांना जमिनीचं वेड लागलं, आणि मधुरांतकमच्या पुढे, तळ्याच्या अंगाला, एक झाडीचा तुकडा आम्ही घेतला. पुढे काजू, मध्ये चिंचा, कडुनिंब, ताड, आणि या सगळ्यांच्या मधून घुसलेली वेडी बाभूळ. विहीर पार मागच्या टोकाला. विहिरीकडे जाणारी वाट एकच, आणि ती एका थोराड चिंचेच्या आणि काळ्या कातळाच्या मधून जायची. कातळापलीकडे ओढा. म्हणजे ट्रॅक्टर जायचा तर तिथूनच.

यांनी मला नीट समजावलं होतं, खोटं कशाला बोलू? "लहान ट्रॅक्टरनं बाभळीची मुळं निघणार नाहीत. मोठा झाडांत वळणार नाही. आपल्याला मधला हवा. चाकं आत घेता येतील असा, आणि सायलेन्सर वर फांद्यांत न घुसणारा."

मी म्हटलं, "बरं." आणि ट्रंक रोडवरच्या दुकानात गेल्यावर माझ्या अंगात साडीच्या दुकानातली बाई संचारली. हा रंग नको, तो भडक आहे, तो आतला दाखवा. विक्रेता बिचारा "अम्मा, अम्मा" करत पुढे पुढे. मग मला तो दिसला. रुंद, भक्कम, डोक्यावर झालर लावल्यासारखं पिवळं छत. मी पदर खोचून वर चढले, डाव्या मडगार्डवर बसले. काय सावली होती!

"अगं, झाडीत जायचंय आपल्याला. वरातीत नाही," हे म्हणाले.

"तुमचं टक्कल तापेल ना उन्हात. तुमच्यासाठीच म्हणते मी."

टकलासाठी म्हणे! पंचावन्न वर्षांची बाई, आणि काळवंडेन म्हणून घाबरलेली. आणि काळवंडून जाणार कुठे होते? मांबलमच्या भाजीबाजारात.

विक्रेत्यानं तसलाच एक ट्रॅक्टर चालवून दाखवायला आमच्या जमिनीवर पाठवला. चालक काजूंमध्ये छान गोल गोल फिरला. चिंचेच्या अलीकडे मात्र त्यानं इंजिन बंद केलं. पायातल्या चपला काढून हातात घेतल्या, उतरला, आणि म्हणाला, "तिकडे नको, अम्मा." मला वाटलं, आळशी आहे. हे टेप काढून चिंच आणि कातळ यांच्यामधलं अंतर मोजायला निघाले, तर मी म्हटलं, "चला हो, राहुकाळ लागायच्या आत पैसे भरू." चेन्नईत इतकी वर्षं काढून मी राहुकाळ तेवढा शिकले होते. डोकं वापरायला शिकायचं राहिलं होतं.

ट्रॅक्टर घरी आला. हार घातला, चाकाखाली लिंबं चिरडली, आणि हे ऐटीत तो विहिरीकडे घेऊन निघाले. मी मडगार्डवर, छताखाली, राणीसारखी. चिंचेपाशी डावं चाक कातळाला घासलं, उजवं चाक बुंध्याला भिडलं, आणि छताची चौकट एका आडव्या फांदीत जाऊन अडकली. इंजिन बंद पडलं.

ती टळटळीत दुपार होती. इंजिन थांबल्यावर मला कळलं की बाकीचंही सगळं थांबलं आहे. कावळे नाहीत, खारी नाहीत, चिंचेचं पान हलत नाही. आणि वास आला. मोगऱ्याचा. संध्याकाळी गजरा सोडताना येतो तसा, केसांच्या उबेतला वास. आमच्या त्या अख्ख्या जमिनीत मोगऱ्याचं एक रोप नव्हतं.

"तुम्हाला वास येतोय?"

"डिझेलचा," हे म्हणाले. पण हेही हळू आवाजात म्हणाले.

यांनी कसाबसा ट्रॅक्टर हातभर मागे घेतला आणि तिथेच उभा ठेवला. तेवढ्यात कुंपणापलीकडची पाटी आली. पाटी म्हणजे तमिळमध्ये आजी. सगळं गाव तिला तेच म्हणायचं. माझ्याहून पंधरा-वीस वर्षांनी मोठी, काटकुळी, कानांची भोकं खांद्याकडे ओघळलेली. तिनं ट्रॅक्टरकडे पाहिलं, चिंचेकडे पाहिलं, आणि यांना विचारलं, "झाड तोडणार का?"

हे काही बोलायच्या आत मी म्हटलं, "तोडावंच लागेल."

पाटी खाली बसली. मग तिनं जे सांगितलं ते अगदी साधं होतं, बाजारात काय भाव होता ते सांगावं तसं. तिची थोरली बहीण लग्नाआधीच गेली. दुपारची विहिरीवर पाणी आणायला निघाली, धाकटीला या चिंचेखाली बसवलं, "मी येईपर्यंत इथून हलू नकोस" म्हणाली, आणि विहिरीतून जिवंत वर आलीच नाही. तिला इथेच, बुंध्याशी पुरलं. त्यांच्यात अशा मुलीला देवी मानतात. दर वर्षी तै महिन्यात, आपल्या संक्रांतीच्या सुमारास, पाटी तिच्यासाठी नवं पावाडै आणायची, म्हणजे आपला परकर, आणि मोगरा. आधीच्या मालकांनी कधी हरकत घेतली नव्हती.

"झाड गेलं तर ती कुठे बसेल?" पाटीनं विचारलं. "मी तर अजून इथेच बसते."

आता शहाण्या बाईनं काय करावं? दुकानात जाऊन म्हणावं, चुकलं, दुसरा द्या. पण मग यांच्यासमोर छताची गोष्ट कबूल करावी लागली असती. त्यापेक्षा मला झाड तोडणं सोपं वाटलं! मी मधुरांतकमच्या वखारवाल्याला निरोप धाडला, शुक्रवारी करवत घेऊन ये म्हणून. हे दोन दिवस माझ्याशी धड बोलले नाहीत. एवढंच म्हणाले, "तुझं तू बघ. मला ते झाड पाडवणार नाही."

मलाही आतून कसंसं होत होतंच. म्हणून मी आपल्या पद्धतीनं उपाय काढला. झाड तोडायच्या आधी त्याची माफी मागावी, ओटी भरावी. ट्रंकेत एक खण होता. तोही कुणीतरी माझ्या ओटीत घातलेला, तिलाही कुणीतरी घातलेला. आमच्या मराठी मंडळात तो किती वर्षं फिरत होता देव जाणे. त्यावर नारळ, तांदूळ, हळकुंड, सुपारी आणि हिरव्या बांगड्या घेऊन गुरुवारी भर दुपारी मी एकटी चिंचेपाशी गेले. हे डिझेल आणायला गेले होते.

बुंध्याला हळदकुंकू लावलं. खण पसरला, नारळ ठेवला, ओंजळी ओंजळीनं तांदूळ घातले. "बाई गं, रागावू नकोस," म्हटलं. माझ्या डोक्यात झाडच होतं हो. कुमारिकेची ओटी भरत नाहीत, हे मला कळत नव्हतं का? पण मी झाडाची भरत होते. झाडाखाली कोण आहे, हे त्या क्षणी मी पार विसरले होते.

उठताना बांगड्या किणकिणल्या. मी हातांकडे पाहिलं. माझ्या हातात घड्याळ होतं फक्त; बांगड्या समोर खणावर होत्या, नारळाच्या बाजूला, स्वस्थ. पुन्हा किणकिण झाली, जरा दूर, विहिरीच्या बाजूनं. मी मागे वळून पाहिलं नाही. मी शूर होते असं सांगायला आवडलं असतं, पण मी एक चप्पल तिथेच टाकून पळाले.

हे आल्यावर मी चप्पल आणायला यांना बरोबर घेऊन गेले. बुंध्यापाशी चप्पल होती. ओटी नव्हती. हे म्हणाले, "माकडं असतील." मग आम्हाला ती दिसली. ट्रॅक्टरवर. डाव्या मडगार्डवर, मी बसले होते नेमकी तिथे. खण नीट पसरलेला, मधोमध नारळ, तांदळाचा एक दाणा इकडेतिकडे सांडलेला नाही. बांगड्या तेवढ्या नव्हत्या.

"माकडानं नारळ सोडला?" मी विचारलं.

रणगाडे तपासणारा माणूस, पण त्या संध्याकाळी ट्रॅक्टरची किल्ली काढायला एकटा गेला नाही.

पाटीनं ठेवलं असेल, असं मी स्वतःला समजावलं. मी तिच्या घरी गेले तर सुनेनं सांगितलं, सासूबाई डोळ्याच्या ऑपरेशनला चेंगलपट्टूला आहेत, बुधवारपासून.

शुक्रवारी वखारवाला आला. मी त्याला चहा दिला आणि परत पाठवलं. त्यानं करवत खांद्यावर घेतली आणि जाता जाता सुटकेचा निःश्वास टाकला, तो मी ऐकला.

मग यांच्यासमोर उभी राहिले. "छताचं माझं चुकलं."

"माहीत होतं," हे म्हणाले.

"मग दुकानातच का नाही सांगितलंत?"

"सांगितलं होतं. तू वरातीत होतीस."

पुढचं काम यांनी एका मिस्त्रीला धरून केलं. पिवळं छत काढलं. सायलेन्सर वाकवून खाली वळवला. मागची चाकं उलटी बसवली की ती आत येतात, ट्रॅक्टर अरुंद होतो. हे सगळं यांना पहिल्यापासून ठाऊक होतं, आणि ते मला वेळोवेळी ऐकवायला विसरले नाहीत. छत पाटीच्या शेळ्यांना दिलं. माझ्या पसंतीखाली आता शेळ्या बसतात.

चिंच आणि कातळ यांच्यामधून ट्रॅक्टर सुपारी जाईल एवढ्या अंतरानं निघाला. विहिरीपर्यंत गेला, परत आला. इंजिन एकदाही अडलं नाही. मोगऱ्याचा वास मात्र येत होता, आणि गंमत म्हणजे तो चिंचेपाशी थांबला नाही. आमच्याबरोबर विहिरीपर्यंत आला. मी उजव्या मडगार्डवर बसले होते. डावीकडे बसायचं माझं धाडस झालं नाही. आजही होत नाही. मी ऊन खाते, काळी पडते, पण बसते उजवीकडेच.

पाटी बरी होऊन आली, डोळ्यांवर हिरवं फडकं, वर काळा चष्मा. आल्या आल्या ती सुनेचा हात धरून चिंचेपाशी गेली. बराच वेळ उभी राहिली. मग सुनेला तिथेच सोडून एकटी चाचपडत ट्रॅक्टरपाशी आली, आणि डाव्या मडगार्डवरून हात फिरवला, पोरीच्या पाठीवरून फिरवावा तसा. मी जवळ जाऊन सगळं कबूल केलं. ओटी, बांगड्या, तांदूळ. तिनं विचारलं, तुमच्यात हे कुणाला करतात? मी म्हटलं, लग्न झालेल्या बायकांना. लेक सासरी निघाली की तिलाही.

पाटी हसली. तिचे दोनच दात होते, ते दोन्ही दिसले. मग ती तमिळमध्ये जे बोलली, ते मी जसंच्या तसं मराठीत आणते. लेकीनं हे वाचलं, तर ट्रॅक्टर बदलायचं ती पुन्हा म्हणणार नाही.

"मी तिला एवढी वर्षं परकर देत राहिले, अम्मा, म्हणून ती पोर होऊन बसून राहिली. तुम्ही ओटी भरून तिची पाठवणी केलीत. झाडाखाली आता कोणी नाही, मी पाहून आले. झाड हवं तर तोडा. पण हे वाहन मात्र कधी विकू नका."