मुळ्या हुंगणाऱ्या वासंतीताई

वासंतीताई गवत उपटायच्या, पण झटकायच्या नाहीत. मातीसकट मुळ्या नाकाशी धरून डोळे मिटायच्या. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वाटलं, ही बाई पेठच्या एसटीतून चुकून आमच्या गावात उतरली. पण बांध माझा होता. मी ओरडलो, "ओ बाई, त्या गवतानं बांध धरलाय माझा!"

"एकच ठोंब घेते, बाबा. याला कधी युरिया घातला?"

"गवताला कोन युरिया घालतंय?"

"मग हे दरसाल हिरवं कसं? शेजारी तुमची नागली तर पिवळी पडलीय."

मी तिसरीपर्यंत शिकलेला, पण शेतीतलं कुणी मला शिकवलेलं खपत नाही. तरी तो प्रश्न दिवसभर डोक्यातून गेला नाही.

ताई नाशिकच्या प्रयोगशाळेत होत्या. त्यांचं म्हणणं असं, की हवेत खत भरपूर, पण पिकाला ते खाता येत नाही. गवताच्या मुळ्यांत जिवाणू राहतात, ते हे खत शिजवून त्याच्या ताटात वाढतात.

"दिसतात का?" मी विचारलं.

"नुसत्या डोळ्यांनी नाही."

"मग नाय."

"भाकरीचा वास दिसतो का, बाबा?"

असं बोलणं. पुढच्या साली त्यांनी माझ्याच बांधाच्या गवतातले जिवाणू वाढवून काळ्या भुकटीची पाकिटं आणली. आवणीच्या, म्हणजे रोपं उपटून लावायच्या वेळी भुकटी पाण्यात कालवायची, रोपांच्या मुळ्या त्यात बुडवायच्या. अर्ध्या वावरात बुडवलेली रोपं, अर्ध्यात तशीच. "जिवंत आहेत ते. गार जागी ठेवा," एवढं सांगून त्या गेल्या.

आता बियाणं राखायचं कसं, हे मला बाईनं सांगावं? आमच्याकडे बी म्हटलं की चुलीवरच्या वाशाला. धुरानं कीड लागत नाही. पाकिटं तिथंच टांगली. पाऊस लांबला, ती महिनाभर लटकली. काढली तेव्हा भुकटी कोरडी ठणठणीत झाली होती. काहीतरी बिघडलं हे मला कळलं, तरी तीच पाण्यात कालवली.

नागली दोन्हीकडे सारखीच आली. ताईंचे साहेब जीपने आले. "बाई, हुंगून पिकं वाढली असती तर कुत्र्यांनी शेती केली असती. अहवाल लिहा आणि हा प्रयोग बंद करा."

ताई बांधावर बसल्या. "बाबा, काही वेगळं घडलं का?"

"तुमी सांगितलं तसंच केलं."

त्यांनी तेच लिहिलं. मी अक्षरं जुळवत वाचलं: 'शेतकऱ्याने सर्व सांगितल्याप्रमाणे केले.' खाली माझं नाव.

"साहेब, थांबा! जिवाणू मी मारले. चुलीवर टांगले होते."

साहेब हसले. ताई हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. "चुलीपासून किती हात वर?" त्यांनी विचारलं. मग ओळ खोडून लिहिलं: 'गार जागी ठेवा असे सांगितले. घरात बियाणे कुठे ठेवतात, हे विचारले नाही. चूक माझी.'

"ताई, चूक माझी हाय. माझी वस्तू दुसऱ्याच्या नावावर चढवू देनार नाय!"

"आता चुकीवरूनही भांडणार?" साहेबांनी कपाळाला हात लावला. "घ्या, आणखी एक हंगाम घ्या."

पुढच्या साली पाकिटं घेऊन ताई थेट चुलीपाशी गेल्या आणि माझ्या बायकोला म्हणाल्या, "मावशी, घरात सगळ्यात गार जागा कोणती?" तिने लगेच रांजणामागचा कोपरा दाखवला. मला कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

पीक उभं असतानाच ताईंची लांब बदली झाली. मग मीच पोस्टकार्ड आणून आयुष्यातलं पहिलं पत्र लिहिलं: 'बुडवलेली बाजू गर्द हिरवी आहे. कणसं भरली. साहेब बघून गेले.'

उत्तर आलं. त्यात शाबासकी नव्हती, नुसते प्रश्न होते. उतार कोणत्या बाजूला आहे? पाणी कुठे साचतं? हिरवेपणा त्यामुळे तर नाही?

वावर वडिलांपासूनचं. पाणी कुठं साचतं ते मला ठाऊक आहे, असं आजवर वाटत होतं. कार्ड खिशात घातलं आणि बघायला निघालो.